सात नंबरचे पेढे

परळ, ५ ऑगस्ट

नम्रता,

‘प्रिय’ लिहावं की नाही या विचारात एक कागद फुकट गेला, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. मेल करून पाहिल्या. माझ्या नावाच्या मेल तुझ्याकडे थेट कचऱ्यात जात असाव्यात. आता हा कागद तुझ्या जर्मनीतल्या लॅबच्या पत्त्यावर पाठवते आहे. पाकीट तरी फोडशील अशी आशा आहे.

तू इथून जाताना कँटीनमध्ये म्हणाली होतीस, “सुचित्राला माझा पेपर बघवला नाही.” ते माझ्यापर्यंत त्याच दिवशी पोचलं होतं. तुझ्या निरोप समारंभाला मी आले नाही, त्याआधी महिनाभर तुझ्याशी धड बोलले नाही, त्यामुळे तुला तसं वाटणं साहजिक होतं. पण मत्सर? मला? अगं, माझं नाव दुसरं होतं त्या पेपरवर, आणि मी तेवढ्यावर खूश होणाऱ्यांतली बाई आहे. असो. नऊ वर्षांनी खुलासे करायला लिहीत नाहीये. काम आहे म्हणून लिहिते आहे.

तुझा स्वेटर अजून कोल्डरूमच्या बाहेर खिळ्याला टांगलेला आहे. मरून, कोपरावर उसवलेला. मुंबईत घरी स्वेटर कोणाकडे नसतो, त्यामुळे आत चार डिग्रीत काम करायला जाणारा प्रत्येकजण तोच चढवतो. नवीन मुलांना नम्रता कोण ते माहीत नाही, पण “नम्रताचा दे रे जरा” असं म्हणतात.

काम तुझ्या सात नंबरचं आहे. सात नंबर काय ते तुला सांगायची गरज नाही, पण माझी जुनी खोड तुला ठाऊक आहे, शाळेतल्या बाईंसारखं पहिल्यापासून सांगते.

ज्यांच्या आया-मावश्या कॅन्सरने गेल्या अशा बायकांचं रक्त हॉस्पिटलमध्ये तपासत. काहींच्या जीनमध्ये एखादं अक्षर बदललेलं सापडे आणि रिपोर्टवर लिहून येई, ‘अर्थ ठाऊक नाही.’ तो अर्थ लावायचं काम आपल्याकडे होतं. नावं कधीच कळायची नाहीत, फक्त नंबर. आपण तो बदल असलेलं प्रोटीन बनवायचं आणि शरीराच्या उष्णतेला ते उभं राहतं का ते बघायचं. उभं राहिलं तर बाईला भीती नाही. पडलं तर आहे. तुझा सात नंबर पडला. नळीत दूध फाटावं तसा पांढरा साका झाला होता. तुझा पेपर आला आणि हॉस्पिटलने सात नंबरवाल्यांच्या रिपोर्टवर ‘घातक’ असं लिहिलं.

आता नूपुर म्हणून आमच्याकडे पीएचडीला मुलगी आहे. बोलते कमी, हात छान आहे. तिला दुसऱ्याच कामासाठी तो तुकडा हवा होता आणि तिने तो थोडा लांब ठेवून बनवला. नम्रता, सात नंबर उभा राहिला. तिने पुन्हा केलं, मी केलं, नंतर दुसऱ्या एका लॅबने जिवंत पेशींमध्ये करून बघितलं. सगळीकडे उभा. आपण अख्खं प्रोटीन कधी बनवलंच नव्हतं, शेवटचा तुकडा तेवढा कापून घेतला होता, आणि तो नको इतका आत कापला होता. साडी काठाच्या आतून कापली की सूत सुटायला लागतं, तसं. बदल नसलेलं साधं प्रोटीन तेवढ्यातही कसंबसं तगून राहिलं, आणि सात नंबरचा जरासा नाजूकपणा आपल्याला रोग वाटला.

तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. तेव्हा जगभर सगळे तिथेच कापत होते, आणि हेमचंद्र सरांनीही तिथेच कापायला सांगितलं होतं. पण दुरुस्ती छापायला हवी. मासिकवाले म्हणतात, पहिल्या नावाची सही हवी. नाहीतर चौकशी लागेल, वर्ष जाईल. आणि हॉस्पिटल म्हणतं, छापील दुरुस्ती आल्याशिवाय आम्ही ‘घातक’ खोडणार नाही.

एक बाई आहे, सात नंबरवाली, छत्तीस वर्षांची. दसरा झाला की पुढच्या सोमवारी तिची अंडाशयं काढणार आहेत. तिला मूल हवंय. कोण, ते विचारू नकोस. सोबत कागद जोडला आहे, फक्त सही कर.

सुचित्रा


घोडपदेव, ९ सप्टेंबर

नम्रता,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे मला नाही, सरांना मिळालं. सर आता दादरला घरीच असतात, हात थरथरतो, पण मेल स्वतः वाचतात. मी गेले तर त्यांनी चष्मा पुसून मला वाचून दाखवलं : “माझा प्रयोग पुन्हा केला तरी तेच उत्तर येईल. माझी इथली नोकरी कायम व्हायची आहे. अशा वेळी दुरुस्तीवर सही करणं मला शक्य नाही.”

येईलच की तेच उत्तर! तिथेच कापलं तर तेच येणार. ब्लाउज आखूड बेतला, तर पुन्हा शिवला तरी आखूडच होणार ना गं? एवढी हुशार तू, आणि हे वाक्य सरांना लिहिताना तुझा हात अडखळला नाही?

मी रागाने बोलायला लागले तशी सरांनी हात वर केला. म्हणाले, “सुचित्रा, तिच्या जागी मी असतो तर मीही घाबरलो असतो. पण मी सही केली आहे, बघा. वाचता येत नसेल कुणाला तर मी जबाबदार नाही.” खरंच वाचता येत नाहीये ती. शेजारी नाव टाइप करून घेतलं.

तुझ्या नोकरीचं मला कळत नाही असं नाही. गिरगावातून, बँकेतल्या क्लार्कच्या घरातून निघून तू तिथे पोचलीस, एकटी राहिलीस, भाषा शिकलीस. ते सगळं ढासळेल असं तुला वाटत असणार. मला नाही वाटत तसं. चूक दिसल्यावर स्वतःहून दुरुस्त करणाऱ्याला लोक मानतात, निदान मानायला हवं. पण खात्री मी कुठून देऊ?

म्हणून आता ती बाई कोण ते सांगते. सांगणार नव्हते, कारण सही तू त्या प्रोटीनकडे बघून करावीस असं मला वाटत होतं, माझ्या तोंडाकडे बघून नाही. ती पूर्वी आहे. माझी धाकटी बहीण. गणपतीत डबा भरून मोदक घेऊन लॅबमध्ये यायची ती. “सेंट्रिफ्यूज म्हणजे मोठी मिक्सीच ना गं?” असं विचारून तिने सरांना हसवलं होतं. तिला केस विंचरायला तू स्वतःची फणी दिली होतीस, आणि ती तिने परत केलेली नाही.

तिचं लग्न उशिरा झालं. नवरा माझगावला गोदीत आहे, चांगला आहे. काळाचौकीत त्यांच्या चाळीचा टॉवर झाला, त्यात राहतात. लग्नानंतर तिने तपासणी करून घेतली. आमची आई आणि मावशी दोघी त्यातच गेल्या हे तुला माहीत आहे. रिपोर्ट आला, सात नंबर, घातक. पस्तिशी उलटली आहे, थांबू नका, असं डॉक्टर म्हणाले.

काल तिच्याकडे गणपतीला गेले होते. खाली मंडळाचे ढोल वाजत होते, खिडक्या लावून घेतल्या तरी ताटं थरथरत होती. मी तिला नूपुरचं काम समजावून सांगितलं. म्हटलं, सात नंबर साधा आहे गं, थांब थोडी.

“ताई, फायनल आहे का हे? नंतर परत सॉरी-बिरी नको.”

“फायनल आहे.”

“मग हॉस्पिटलचे का नाही बोलत तसं? तू लेखी आणून दे, मी तारीख कॅन्सल करते. नुसतं तुझ्या तोंडून मी नाय ऐकणार. तुला प्रोटीन दिसतं गं, मला आई दिसते.”

लेखी तुझ्याकडे आहे.

आणि सगळंच सांगते. आईला आणि मावशीला का झालं ते आता कोणालाच ठाऊक नाही. सात नंबरमुळे नाही एवढंच ठाऊक आहे. पूर्वीने तपासण्या करत राहायच्याच आहेत. पण निरोगी बाईच्या पोटात सुरी घालायला आपला पेपर हे कारण आता पुरत नाही.

तू खूप दूर आहेस आणि मी तुझ्यामागे हात धुऊन लागले आहे, हे मला कळतं. तरी सही कर.

सुचित्रा


घोडपदेव, २२ सप्टेंबर

नम्रता,

हे पत्र मी पाठवणार नाही. म्हणून मोकळेपणाने लिहिते.

तुझं काहीच आलेलं नाही. विसर्जन झालं, रस्ते झाडून झाले, आणि पूर्वीचा फोन आला की ऑफिसमध्ये रजा टाकली. ती का थांबत नाही याचं कारण मी तुला अर्धंच सांगितलं. आई दिसते म्हणाली, ते खरंच आहे. पण त्यानंतर तिने माझ्या पदराकडे बघितलं आणि म्हणाली, “तू तेव्हा थांबली होतीस का? मग मला कशाला सांगतेस?”

सात नंबर मीपण आहे, नम्रता.

तुला ते कधीच कळलं नाही, कळायचं काही कारणही नव्हतं. नंबरावर नाव नसतं. माझं रक्त हॉस्पिटलात गेलं, ‘अर्थ ठाऊक नाही’ असा रिपोर्ट आला, आणि थोड्या दिवसांनी आपल्या यादीत सात नंबर आला. त्यात बदललेलं अक्षर कुठलं ते मी वाचलं आणि ओळखलं. सरांना सांगायला हवं होतं, मग त्यांनी मला त्या कामातून बाजूला काढलं असतं. मी नाही सांगितलं. मला ते जवळून बघायचं होतं. स्वतःचं प्रोटीन नळीत बघायला किती जणींना मिळतं?

तू कोल्डरूममध्ये असायचीस तेव्हा मी काचेतून बघत राहायचे. तो मरून स्वेटर घालून, नाक लाल करून तू माझं प्रोटीन गाळत होतीस, आणि मी बाहेर उभी राहून मनात म्हणत होते, हलके हात ठेव गं.

आणि मग तो पडला. आपल्या लॅबची रीत तुला आठवते ना? उत्तर काहीही येवो, पक्कं आलं की ज्याचं काम त्याने पेढे आणायचे. वाईट उत्तराला वेगळे पेढे नसायचे. तू दादरहून पेढे घेऊन आलीस, केशरी, मोठे. “सात नंबर पडला! सगळ्यात स्वच्छ ग्राफ आहे, सुचे, बघ तरी!” म्हणत तू सगळ्यांत आधी माझ्या तोंडात पेढा घातलास. मी खाल्ला. छान झालाय म्हणाले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले, आणि दुपारी ऑपरेशनची तारीख घ्यायला हॉस्पिटलला फोन केला.

अडतीस वर्षांची होते मी. मूल व्हावं म्हणून आमची दोन वर्षं औषधं चालू होती. अनिश म्हणाला, “तू ऱ्हवलंस म्हणजे झाला. बाकी काय नको माका.” त्यानंतर त्याने तो विषय एकदाही काढला नाही. आमच्या खोलीत तुळईला पाळण्याची कडी आहे. त्याचा आजा गिरणीत होता, त्याने बसवलेली. अनिश, त्याचा बाप, त्याच्या आत्या, सगळे त्या कडीखाली झोपले. मी हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा अनिशने तिला कांद्याची टोपली टांगली होती. रिकामी कडी मला दिसू नये म्हणून. ती टोपली अजून तिथेच आहे.

लॅबमध्ये मी हर्निया सांगितला. तू फळं घेऊन भेटायला येणार होतीस, मी नको म्हणाले. त्यानंतर तुझ्याशी बोलणं मला जमेना. तू समोर आलीस की तोंडात पेढ्याची चव यायची. तुझा काही दोष नव्हता, मला ते कळत होतं, आणि तरी तू मला नकोशी झाली होतीस. तू मत्सर म्हणालीस तेव्हा मला एक प्रकारे बरं वाटलं, कारण दुसरं काही सांगावं लागणार नव्हतं.

नूपुरने मला तिचा ग्राफ दाखवला, तेव्हा मी काय केलं असेल? मी म्हटलं, “पुन्हा करून बघ.” ती म्हणाली, “मॅडम, दोनदा केलंय.” मी म्हटलं, “मग मला दे.” आणि तुझा स्वेटर घालून आत गेले आणि स्वतः केलं. मला तो पडायला हवा होता, नम्रता. देवाशपथ सांगते, आतून मी त्याला पड, पड म्हणत होते. आणि तो पडला नाही. स्वच्छ पाण्यासारखी नळी माझ्या हातात होती, आणि त्या नळीत माझं काहीच बिघडलेलं नव्हतं. मग खूप रडले. कोल्डरूममध्ये रडलेलं बाहेर ऐकू येत नाही, पंख्याचा आवाज असतो.

आणि पूर्वी? गणपतीच्या दिवशी मी तिला सात नंबर साधा आहे म्हटलं, तेव्हा तिने आधी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, “म्हणजे ताई, तुझं...” मी म्हटलं, चहा उतू जातोय, आणि आत गेले. गॅसवर काही नव्हतं.

सात नंबर म्हणजे मी, हे एक वाक्य तुला लिहिलं तर तू लगेच सही करशील. मला माहीत आहे, तू तशीच आहेस. पण त्यानंतर तू कोल्डरूममध्ये पाऊल ठेवू शकशील का? पेढा बघू शकशील का? एकीचं गेलं ते पुरे आहे. मी अजून आठवडाभर थांबते. तेवढ्यात तुझी सही नाही आली तर मात्र लिहीन. पूर्वीसाठी तुला मोडायची वेळ आली तर मोडेन. त्याचीच मला जास्त भीती वाटते आहे.

सुचित्रा


परळ, १३ ऑक्टोबर

प्रिय नम्रता,

या वेळी कागद फुकट गेला नाही, पहिल्याच फटक्यात ‘प्रिय’ लिहिलं.

सही पोचली, मुदतीच्या दोन दिवस आधी. मुदत कसली ते विचारू नकोस, माझीच होती. मासिकाने दुरुस्ती लगेच साइटवर टाकली. मी तिचा कागद घेऊन हॉस्पिटलात गेले आणि त्यांनी नवीन रिपोर्ट दिला. ‘निरुपद्रवी’ असा शब्द लिहिला आहे. पूर्वीने तो वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला, परत काढला, परत वाचला. मग ओपीडीच्या बाकावरच माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. समोरच्या बाईला वाटलं वाईट बातमी आहे, तिने बिचारीने पाण्याची बाटली पुढे केली.

तुझ्या विभागप्रमुखांनी तुला बोलावून घेतलं, आणि त्यांच्याही एका पेपरची दुरुस्ती दाखवली, हे वाचून फार बरं वाटलं. सरांना वाचून दाखवलं. “बघा, मी सांगत होतो,” म्हणाले. त्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं, पण मी मान डोलावली.

काल खंडेनवमी आणि दसरा एकत्रच झाल्यासारखं होतं. पोरांनी सेंट्रिफ्यूजला झेंडूची माळ घातली, फ्रीझरला हळदकुंकू लावलं. नूपुरने तुझ्या स्वेटरलाही एक फूल खोचलं. रीतीप्रमाणे पेढे तिने आणायचे होते, पण मी म्हटलं, या खेपेला मी आणते. दादरच्या त्याच दुकानातून आणले. मी पहिला पूर्वीला दिला, ती मुद्दाम आली होती. मग मी खाल्ला.

पूर्वी निघताना म्हणाली, “ताई, आमच्याकडे फॉल्स सीलिंग आहे. झालंच काही, तर पाळणा तुझ्याकडे बांधायचा हां.” अजून कशाचा पत्ता नाही आणि हिची गडबड. घरी जाऊन अनिशला सांगितलं. स्टुलावर चढून त्याने कांद्याची टोपली उतरवली आणि कडी फडक्याने पुसून काढली. खूप वेळ पुसत होता.

आता तुझा प्रश्न. सहीसोबतच्या चिठ्ठीत तू विचारलं आहेस : “पूर्वी सात नंबर आहे, तर तू? तू तपासून घेतलं होतंस का? तुझी ती सुट्टी हर्नियाचीच होती ना? सुचे, खरं सांग, मला झोप लागत नाही.”

खरं सांगते. तपासून घेतलं होतं, तेव्हाच. माझ्यात ते नाही. आईकडून एकीला येतं, दुसरीला येत नाही, छापा-काटा असतो तो. पूर्वीला आलं, मी सुटले. हर्निया तो हर्नियाच होता, अजून जड उचललं की दुखतो. मूल आम्हाला झालं नाही ते झालंच नाही, त्याला काही कारण लागत नाही.

आणि मी तुझ्याशी का बोलत नव्हते तेही विचारलं आहेस. तर ते तू तेव्हा ओळखलंस तेच. मला तुझा पेपर बघवला नव्हता. पहिलं नाव तुझं होतं, जर्मनी तुला मिळाली, आणि मी इथेच राहिले. ऑगस्टमधल्या पत्रात मी ठसक्यात नाही म्हटलं, पण माणूस मत्सर सहजासहजी कबूल करतो का? आता करते. मत्सरच होता, नम्रता. दुसरं काही नव्हतं. झोपत जा.

स्वेटरचं कोपर मी शिवून टाकलं आहे. कधी आलीस तर घालून बघ.

तुझी,
सुचित्रा